गेंडा, मिरी आणि बेलेंचा मनोरा

लिस्बनला गेलेल्या आपल्या माणसाने बेलेंचा मनोरा पाहावा की नाही, यावर माझ्या घरात दोन तट आहेत. माझा थोरला भाऊ वसईत राहतो. शाळेत इतिहास शिकवण्यात त्याची हयात गेली आणि वसईच्या किल्ल्याचा कोपरा न् कोपरा त्याला ठाऊक आहे. माझी मुलगी पोर्तुगालमध्ये जुन्या दगडी वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेते. मामा-भाचीचा वाद पेटला तो मनोऱ्यासमोरच, नदीकाठच्या बाकावर. मी दोघांच्या मधे होते. जे ऐकलं ते इथे मांडते आहे, आणि जिथे राहवलं नाही तिथे माझंही म्हणणं घातलं आहे.

आधी जागेविषयी. तेजो नदी अटलांटिकला मिळण्याआधी लिस्बनपाशी चांगली रुंद होते. शहराच्या पश्चिमेचा काठ म्हणजे बेलें. 8 जुलै 1497 रोजी वास्को-द-गामाची चार जहाजं इथूनच निघाली. मनोरा नंतरचा. पहिला मानुएल राजा असताना 1514 मध्ये काम सुरू झालं आणि पाचेक वर्षांत पुरं झालं. काठापासून थोडं आत, पाण्यातल्या काळ्या खडकावर तो उभा केला होता. पुढे काठच त्याच्याकडे सरकत आला. आता छोट्या पुलावरून चालत आत जाता येतं. पुढे नदीत घुसलेला बुटका, रुंद बुरूज आणि त्याच्या पाठीशी चौकोनी उंच मनोरा, अशी रचना आहे. शेजारच्या जेरोनिमुश मठासह 1983 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मामा : तुम्ही दोघी जा आत. मी इथे बसतो. या नदीतून निघालेल्या जहाजांनी आपला किनारा नासवला. त्या नदीच्या पहारेकऱ्याला मी तिकीट काढून नमस्कार करायचा?

भाची : तिकीट म्हणजे नमस्कार नव्हे, मामा. तू वर्षानुवर्षं वसईच्या किल्ल्यात मुलांच्या सहली नेल्यास. तोही त्यांनीच बांधलेला. तिथे कधी म्हणाला नाहीस, मी बाहेर बसतो म्हणून.

मामा : वसईचा किल्ला आपण घेतला. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी घेतला, आणि त्यासाठी हजारोंनी जीव दिला. तिथे मी हक्काने जातो. इथे कोण म्हणून जाऊ? पर्यटक म्हणून? फोटो काढून परत यायचं आणि सांगायचं, काय सुंदर आहे!

भाची : सुंदर आहेच. ते नाकारून काय मिळणार? ये, जवळून बघ तरी. हा लियोश नावाचा चुनखडीचा दगड आहे, लिस्बनच्या आसपासच्या खाणींतला. यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांचे छेद दिसतात. हा बघ, पांढऱ्यात हा गोलसर करडा डाग. हा मुळात समुद्राच्या तळाचा दगड. आणि त्यावर कोरलंय काय? दोरखंड. मनोऱ्याच्या अंगाभोवती दगडी दोरखंड गुंडाळलाय, मधेमधे त्याला गाठी मारल्यात. पीळ बघ. ज्याने आयुष्यात जहाजाचा दोर हातात धरला नाही, त्याला असा पीळ दगडात काढता येणार नाही.

मामा : गाठी चांगल्या मारल्यात. कुणाच्या गळ्याभोवती, ते मला माहीत आहे.

भाची : आता वर बघ. टेहळणीच्या बुरुजांवरचे हे पाकळ्या-पाकळ्यांचे घुमट. वास्तुकार फ्रान्सिश्कू द आर्रुदा याआधी मोरोक्कोतल्या पोर्तुगीज किल्ल्यांवर काम करत होता. तिथल्या मुसलमान कारागिरांच्या घुमटांची छाया इथे पडली. म्हणजे ज्यांच्याशी लढायला किल्ले बांधले, त्यांचीच कला शिकून आला आणि राजाच्या दारात उभी केली. मला हा मनोरा आवडतो तो यामुळे. बांधणाऱ्यांना काय लपवावं ते कळलंच नाही. जे हातात होतं ते सगळं दगडात उतरलं.

मामा : सगळं? मला वाटत नाही. चर्यांवर ढाली कोरल्यात, त्या प्रत्येक ढालीवर क्रूस आहे. तोच क्रूस त्यांच्या शिडांवर होता. 1502 मध्ये तुझा वास्को दुसऱ्यांदा आला...

भाची : माझा नाही.

मामा : बरं, कुणाचाही. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं मिरी नावाचं जहाज त्याने मलबारच्या किनाऱ्यालगत अडवलं. लुटलं आणि माणसांसकट जाळलं. शेकडो जीव. बायका अंगावरचे दागिने हातात धरून दाखवत होत्या, पोरं उंच धरत होत्या, की निदान यांना तरी सोडा. हे कुठल्या दगडात उतरलंय ते दाखव, मी लगेच तिकीट काढतो.

भाची : दगडात नाही, कागदात उतरलंय. ही बायकांची हकीकत तुला सांगितली कुणी? त्याच ताफ्यातल्या तोमे लोपिश या पोर्तुगीज लेखनिकाने. डोळ्यांनी पाहिलं ते त्याने लिहून ठेवलं. तोही याच समाजातला. आपण सरसकट ‘ते’ म्हणतो तेव्हा हा लिहिणारा माणूस त्यात बुडून जातो.

मामा : लिहिणाऱ्याचा मान त्याला देतो. पण जाळणारा पुढे व्हाइसरॉय झाला. 1524 मध्ये कोचीनला मेला, आणि आज त्या पलीकडच्या मठात संगमरवरासारख्या पांढऱ्या समाधीत निजलाय. 1880 मध्ये त्याची हाडं समारंभाने तिथे आणली. आणि मठ कशाच्या पैशावर उभा राहिला, तेही सांगतो. आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर शेकडा 5 कर बसवला होता. मठाच्या कमानी मोजत बसलीस ना काल? प्रत्येक कमानीत आपल्या किनाऱ्यावरचा माल आहे.

भाची : हे मी नाकारत नाही. उलट मी म्हणते, हे माहीत असलेल्या माणसानेच इथे यायला हवं. ज्याला त्या मालाचा हिशेब माहीत नाही त्याला फक्त कमानी दिसतात.

मामा : आणि मालाबरोबर सोनंही. 1503 मध्ये गामा आफ्रिकेच्या किलवा बंदरातून खंडणीचं सोनं घेऊन आला. राजाने त्याचं पूजापात्र घडवलं, 1506 मध्ये. ते इथल्या संग्रहालयात काचेत ठेवलंय. किलवाच्या सुलतानाला धमकावून घेतलेलं सोनं देवाच्या वेदीवर. अशा ठिकाणी माझे हात जोडले जात नाहीत.

इथे मला बोलावंसं वाटलं. दादाचा संताप पोकळ नाही. पोर्तुगीजांनी आपल्याच समुद्रात आपल्या गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावला. परवाना नसेल तर माल जप्त, प्रसंगी जहाज बुडवायचं. कुठल्या बंदराला जायचं, काय न्यायचं, हे परके ठरवणार. पुढे 1560 पासून गोव्यात धर्मसभेचं न्यायासन बसलं ते मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत. कोकणातल्या कितीतरी घराण्यांच्या कुळकथांत ‘बाटाबाटीच्या भीतीने देव घेऊन नदी ओलांडली’ हे वाक्य अजून आहे. अशा घरातून आलेला माणूस या काठावर नुसता हौसेने उभा राहू शकत नाही. पण उभंच राहायचं नाही, हेही मला पटत नव्हतं. मुलगी तेवढ्यात उठली आणि मामाला हाताला धरून मनोऱ्याच्या पश्चिम बाजूला घेऊन गेली.

भाची : आता वर नको, त्या कोपऱ्यातल्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी बघ. तो भिंतीबाहेर येतो ना, तिथे आधाराला एक डोकं कोरलंय.

मामा : झिजलंय. डुक्कर आहे का?

भाची : गेंडा आहे. शिंग गेलंय, पाचशे वर्षांचा वारा-पाऊस खाल्लाय त्याने. पश्चिम युरोपात दगडात कोरलेला हा पहिला गेंडा मानतात. आणि हा आपल्याकडचा आहे, मामा.

मामा : गुजरातच्या मुझफ्फरशहाचा?

भाची : तुला माहीत आहे!

मामा : अगं, तीस वर्षं पोरांना शिकवलाय मी हा काळ. 1514 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने या सुलतानाकडे वकील पाठवले. त्याला दीवला किल्ला बांधायला जागा हवी होती. सुलतानाने जागा दिली नाही, मानाने भेटी देऊन बोळवण केली. त्या भेटींत गेंडा होता. पण तो इथे कोरलाय हे मला माहीत नव्हतं.

भाची : अल्बुकर्कला गोव्यात तो ठेवून काय करायचं होतं? जानेवारी 1515 मध्ये त्याने तो राजाकडे पाठवून दिला. बरोबर ओसें नावाचा हिंदी रखवालदार. जहाज आफ्रिकेला वळसा घालून 20 मे 1515 ला लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. तो उतरला तेव्हा हा मनोरा अर्धवट बांधलेला होता, पाथरवट इथे काम करत होते.

मामा : 20 मे? गामा कालिकतला पोचला तोही 20 मे. 1498 चा.

भाची : बरोबर सतरा वर्षांनी.

मामा : मग त्याचं पुढे काय केलं?

भाची : आधी राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. गेंडा हत्तीला भारी पडतो असं जुन्या रोमन ग्रंथांत लिहिलं होतं, ते पडताळून पाहायचं होतं. जून महिन्यात, दरबार भरवून. हत्ती बिथरून पळाला, झुंज झालीच नाही. मग वर्षअखेरीला राजाने तो पोप दहाव्या लिओला भेट म्हणून जहाजावर चढवला. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज फुटलं. गेंडा चांगला पोहतो, पण तो डेकला साखळदंडाने बांधलेला होता.

दादा बराच वेळ बोलला नाही. मीही त्या झिजलेल्या डोक्याकडे बघत राहिले. डोळ्याचा खळगा अजून ओळखू येतो, कानाची घडी येते, नाकाडाचा पुढचा भाग मात्र नुसता गोटा झालाय. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने याच गेंड्याचं चित्र 1515 मध्ये लाकडी ठशावर छापलं. त्याने गेंडा कधी पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेलं पत्र आणि रेखाटन यांवर त्याने काम भागवलं. अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर आणखी एक छोटं शिंग. युरोपने पुढची दोन-अडीचशे वर्षं तोच गेंडा खरा मानला. मनोऱ्यावरचा हा नाव नसलेला पाथरवट मात्र ते जनावर प्रत्यक्ष पाहू शकेल इतका जवळ होता. जगभर गाजलं ते न पाहणाऱ्याचं चित्र. याला शोधायला खाली उभं राहून मान मोडावी लागते.

मामा : आणि ओसें?

भाची : काय?

मामा : तो रखवालदार. गुजरातेतून गोव्याला, गोव्याहून इथे आला. महिनोन्‌महिने बोटीवर त्या जनावराला खायला घालत आला. त्याचं डोकं कुठल्या कोपऱ्यात कोरलंय?

भाची : कुठेच नाही.

मामा : हेच म्हणतोय मी. गेंडा दिसतो, माणूस दिसत नाही. पहिल्या सफरीत आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाने गामाला वाटाड्या दिला. त्याने मोसमी वारा बघून एप्रिलअखेर जहाजं हाकारली आणि महिन्याच्या आत समुद्र ओलांडून कालिकतला नेली. परतताना गामाने वाऱ्याची वाट पाहिली नाही. त्याच समुद्राला तीन महिने लागले आणि माणसं हिरड्या सडून मेली. म्हणजे रस्ता कुणाला माहीत होता? त्या वाटाड्याचा पुतळा या आख्ख्या काठावर नाही.

भाची : गामाबरोबर गेलेला सतरा-अठरा वर्षांचा खलाशीही इथे नाही, मामा. चार जहाजांवर सुमारे 170 माणसं गेली, त्यांतला जेमतेम तिसरा हिस्सा परत आला. या वाळूवर त्यांच्या आया उभ्या होत्या. राजाच्या मिरीसाठी ती पोरं हिरड्या सडून मेली, हे तूच आत्ता म्हणालास. तू त्यांच्या बाजूने बोललास, तुझ्या लक्षात आलं का?

मामा : मेलेल्याच्या बाजूने बोलायला काय हरकत आहे?

भाची : मग मी एक विचारू? रागवू नकोस. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा तू मला दाखवली होतीस. काय अभिमानाने सांगितलं होतंस, की ही वसईच्या चर्चमधली, पोर्तुगीजांवरच्या विजयाची खूण. भीमाशंकरला दाखवलीस तीही तिकडचीच. त्या घंटा कुठल्यातरी गावच्या माणसांनी त्यांच्या देवासाठी ओतवल्या होत्या. वसईच्या एखाद्या ख्रिस्ती बाईने नाशिकला जाऊन ती घंटा पाहिली तर तिला काय वाटेल? तिनेही बाहेर बाकावर बसायचं?

दादा यावर उसळेल असं मला वाटलं. नारोशंकराची घंटा म्हणजे आमच्या बोलण्यातला शब्द. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला आई तेच म्हणायची. त्या घंटेमागे कुणाची तरी रिकामी झालेली घंटाघरं असतील हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

मामा : प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. पहिली गोष्ट, वसई शरण आली तेव्हा चिमाजीअप्पांनी तहात लिहून दिलं, की ज्यांना जायचंय त्यांनी आपली चीजवस्तू, कुटुंबकबिला घेऊन सन्मानाने जावं, आणि जे राहतील त्यांच्या धर्माला हात लागणार नाही. वसईचे ख्रिस्ती आजही आपल्या चर्चमध्ये जातात, मराठीत प्रार्थना म्हणतात. मिरी जहाजाला असा तह मिळाला नाही. दुसरी गोष्ट, घंटेबद्दल आपण काही लपवलं नाही. नाशकातलं पोरही सांगेल कुठून आली ते.

भाची : यांनीही गेंडा लपवला नाही. भिंतीवर कोरून ठेवला.

मामा : घंटा जिंकून आणली. गेंडा मैत्रीची भेट म्हणून आला आणि साखळीत मेला.

भाची : ‘जिंकून आणली’ हे किलवाच्या सोन्याबद्दलही म्हणता येईल. त्या बाईला काय वाटेल, हे तू अजून सांगितलं नाहीस.

मामा : वाईट वाटेल. वाटायलाच हवं. मी तिला म्हणेन, बाई, आत या, घंटा वाजवा, आणि ही कुणाची ते मोठ्याने सांगा. मी शेजारी उभा राहीन.

भाची : मग आता तू आत चल. आणि मोठ्याने सांग. मी शेजारी उभी राहते.

दादा आत आला. हे मुलीच्या युक्तिवादाचं यश, की गेंड्याचं, मला सांगता येणार नाही.

आत फार काही नाही, आणि प्रवासवर्णनांत देतात तशी दालनांची यादी मी देत नाही. बुरुजाच्या पोटात कमानींखाली तोफांच्या जागा आहेत, नदीकडे तोंड केलेल्या. समोरच्या काठावरही तोफा होत्या, म्हणजे मधून जाणारं जहाज दोन्हीकडून माऱ्यात यावं. त्याच्याही खाली कोठारं आहेत. दारूगोळ्याची ही कोठारं पुढे शतकानुशतकं तुरुंग म्हणून वापरली. बुटकं छत, ओल. वर गच्चीवर मूल आणि द्राक्षांचा घोस हातात घेतलेली मरियम आहे, जाणाऱ्या दर्यावर्दींची राखणदार. खाली कैदी आणि वर ती. एकाच बुरुजात. वर्णन वाचून हे कळत नाही, पायऱ्या उतरून चढल्यावरच कळतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. किल्ला म्हणून या मनोऱ्याची कामगिरी बेताची आहे. 1580 मध्ये स्पेनच्या फौजा आल्या तेव्हा तो लवकरच शरण गेला. जहाजांकडून जकात घेणं आणि माणसं डांबणं, हीच कामं त्याने जास्त केली.

भाची : आता हे बघ. हा कड्या-कड्यांचा गोल. आकाशाचा नकाशा. मानुएल राजाचं खास चिन्ह. हे तू कुठे पाहिलंयस?

मामा : वसईला. बालेकिल्ल्याच्या दारावर. मधे राजचिन्ह, एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला हा गोल. दरवर्षी पोरं विचारायची, सर, हा फुटबॉल कशाला?

भाची : मघाशी विचारत होतास, कोण म्हणून जाऊ. या गच्चीवर आत्ता कितीतरी देशांची माणसं आहेत. हा गोल घराजवळ पाहून आलेला यांत तू एकटाच असशील. आणखी एक. ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडून जहाजाने नेलेला. तो काढणारे, घडवणारे हात आपल्याकडचे. पोर्तुगीजांनी आपल्याकडे बांधलं ते आपल्या माणसांनी बांधलं. हे सगळं त्यांचं म्हणून सोडून देऊ नकोस. तू पाहुणा नाहीस इथे. या व्यवहारातला दुसरा पक्ष आहेस. हिशेब बघायला आलायस.

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. रुसून बाहेर बसणं आणि हरखून फोटो काढणं, या दोन्हींत आपण आपला दावा सोडतो. किनाऱ्यावरच्या माणसाने बेलेंला जावं ते हक्काने, वही घेऊन, आपली बाजू माहीत करून.

त्यानंतर आम्ही काठाने पूर्वेकडे चालत शोधांच्या स्मारकापाशी गेलो. जहाजाच्या नाळेसारखं काँक्रीटचं उंच बांधकाम, दोन्ही बाजूंनी चढत जाणाऱ्या 33 आकृत्या. आधी 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, 1960 मध्ये कायमचं बांधलं. माझी मुलगी इथे बचावाला उभी राहिली नाही.

भाची : हे मला आवडत नाही. मनोरा त्या काळाचा आहे. हे सालाझारच्या हुकूमशाहीने चारशे वर्षांनंतर केलेलं आहे. राजे, दर्यावर्दी, नकाशेकार, पाद्री, एकामागे एक, सगळे वर बघणारे. बाई एकच, हेन्री राजपुत्राची आई. 1960 चं साल बघ. आफ्रिका स्वतंत्र होत होती, तेव्हा हे बांधत होते.

मामा : आणि पुढच्या वर्षी, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा सुटला. या रांगेत फ्रान्सिस झेवियर पण आहे ना? त्याचं शव ओल्ड गोव्यात. तुला सांगू, मला हे मनोऱ्यापेक्षा सोपं वाटतं. इथे राग धरताना काही आडवं येत नाही. मनोऱ्यापाशी तू मला गेंडा दाखवलास, घंटा विचारलीस, मी अडकलो.

भाची : मग मनोराच जास्त खरा, नाही का?

मामा : असेल. पण मला खरं जायचंय ते पेनिशला.

भाची : पेनिश? तिथली मासळी आणि लाटांवरचे खेळ प्रसिद्ध आहेत. किल्लाही आहे. सालाझारचा राजकीय तुरुंग. 1960 च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेता आल्व्हारू कुन्याल आणि त्याचे साथी तिथून निसटले, ते इथे प्रत्येकाला माहीत असतं.

मामा : गोव्याची माणसं तिथे होती, हे माहीत असतं का? 18 जून 1946 ला लोहियांनी मडगावात सभा घेतली. त्यानंतरच्या सत्याग्रहांत धरपकड झाली. टी. बी. कुन्हांना लष्करी न्यायालयाने 8 वर्षांची शिक्षा दिली आणि जहाजाने पोर्तुगालला आणून पेनिशच्या किल्ल्यात टाकलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु लॉयोला हेही तिथेच. गामा गेला त्याच समुद्रातून उलटा प्रवास. गुन्हा काय, तर सभेत बोलले.

भाची : मामा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मामा : मी पाचवी ते दहावी शिकवत होतो, त्या पुस्तकातही दोन ओळीच होत्या.

भाची : पण मग हेही बघ. कुन्हांच्या शेजारच्या कोठड्यांत पोर्तुगीज होते. त्यांचेच प्राध्यापक, कामगार, मच्छीमार. जे राज्य गोवा सोडत नव्हतं, तेच त्यांनाही डांबत होतं. 25 एप्रिल 1974 ला पोर्तुगीजांनीच ते राज्य उलथवलं आणि दोन दिवसांत पेनिशचे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोवा भारताचा हे करारावर सही करून मान्य केलं. म्हणजे तुमची आणि त्यांची सुटका एकाच माणसांनी केली.

मामा : आमची सुटका 61 मध्ये झाली होती, आपल्या सैन्याने केली. सही त्यांनी केली. पण तुझं म्हणणं धरतो. त्या कोठड्यांत दोघंही होते, हे खरं.

दोघांचं यापुढे एकमत झालं नाही, आणि मी ते जुळवून देणार नाही. दादा अजून म्हणतो, गामाच्या समाधीपाशी तो उभा राहणार नाही. तो मठात गेला नाही. मुलगी अजून म्हणते, समाधीही बघायला हवी. मला स्वतःला गामाच्या समाधीत रस नाही. मला त्या पाथरवटाचं कौतुक आहे आणि ओसेंची हळहळ आहे.

वाचकांना एवढीच विनंती. लिस्बनला गेलात तर बेलेंच्या मनोऱ्याला पश्चिमेच्या बाजूने वळसा घाला आणि गेंडा शोधा, घाईत निसटतो. त्याआधी वसईच्या बालेकिल्ल्याचं दार एकदा नीट पाहून ठेवा. आणि मठ, मनोरा, स्मारक यांत सगळा वेळ घालवू नका. पेनिश लिस्बनपासून साधारण 100 किलोमीटर उत्तरेला आहे, लिस्बनहून बस जाते. किल्ल्यात आता प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. जाताना पाच नावं लिहून न्या आणि तिथल्या माणसांना सांगा: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियु लॉयोला.